डबल सीटचा आदेश

साखर कारखान्यात सारी नोकरी काढली म्हटलं की समोरचा माणूस विचारतो, "मग साखर कशी करतात हो?" मला खरंच सांगता येत नाही. मी एक दाणासुद्धा साखर केलेली नाही. मी टाइमकीपर होतो. कोण आला, कोण आला नाही, कोण आल्यासारखं करून कँटीनमध्ये बसला, हे पाहणं माझं काम. टाइम ऑफिसची खिडकी गेटला लागूनच होती. त्या खिडकीतून मी जी माणसं पाहिली, ती साखरेपेक्षा जास्त लक्षात राहिली आहेत.

कारखान्याचं नाव मुद्दामच देत नाही. बीड जिल्ह्यातला, सहकारी, आणि दिंद्रुडकडच्या बऱ्याच वाड्या-वस्त्यांची पोटं ज्यावर चालायची असा, एवढं पुरे. मी मूळचा नेकनूरचा. तिथल्या लोकांना मी परमुलखात नोकरीला गेल्यासारखा वाटायचो, आणि इथल्या लोकांना मी नोकरी संपेपर्यंत 'नेकनूरचे भाऊसाहेब'च राहिलो. हे परकेपण या गोष्टीत कामाला आलं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

बाहेरच्या माणसाला आमचं दुखणं कळावं म्हणून थोडं समजावतो. गाळप एकदा सुरू झालं की कारखाना थांबत नाही. तीन शिफ्ट, आणि प्रत्येक शिफ्टला भोंगा. तोडलेला ऊस वाळायच्या आत गव्हाणीत, म्हणजे मोळ्या जिथून आत मिलकडे ओढल्या जातात तिथे, पडायला हवा. त्यामुळे बैलगाड्यांची रांग दिवसभर हलत असते. आमच्या फाट्यापासून गेटपर्यंत दीड किलोमीटरचा एकच रस्ता होता, आणि त्यात मध्येच एक चढ. एका बाजूला गाड्यांची रांग, राहिलेल्या पट्टीतून ट्रॅक्टर, आणि सकाळी आठच्या शिफ्टला त्यात घुसणाऱ्या आमच्या कामगारांच्या मोटारसायकली.

पूर्वी सगळे सायकलीवर यायचे. मग कामगारांच्या पतसंस्थेनं मोठ्या उत्साहात घरोघरी मोटारसायकली दिल्या. हार घातलेल्या गाड्यांसोबत फोटो निघाले. त्या फोटोत मीही आहे, टाळ्या वाजवताना. ज्या कोंडीनं पुढं माझ्या नाकी नऊ आणले तिचं स्वागत मी स्वतः केलेलं आहे.

एका सकाळी त्या चढावर आमच्या एका फिटरनं भोंगा चुकेल म्हणून जोरात हॉर्न वाजवत गाडी मध्ये घातली. बैल बुजले, गाडी कलली आणि उसावर बसलेली गंगूबाई नावाची बाई खाली आली. हात मोडला. बैलाच्या खुरालाही लागलं. दुपारी तिच्या टोळीचा मुकादम अंबादास थेट एमडीसाहेबांच्या केबिनमध्ये आला. एमडी म्हणजे कारखान्याचे कार्यकारी संचालक. अंबादास खुर्चीवर बसला नाही.

"साहेब, आमी ऊस तोडायला आलोत, हातपाय तोडून घ्यायला न्हाई. तुमच्या माणसाच्या फटफट्या कमी करा. न्हाईतर आठ दिवसांनी माज्या साऱ्या गाड्या दुसऱ्या कारखान्यावर जातील."

गाड्या गेल्या म्हणजे गव्हाण रिकामी, आणि गव्हाण रिकामी म्हणजे बॉयलर थंड. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, माणसं तुमच्या ताब्यात आहेत. रस्ता मोकळा करा." माणसं माझ्या ताब्यात होती हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पहिला उपाय मला फार हुशारीचा वाटला. सकाळचा भोंगा अर्धा तास अलीकडे घ्यायचा, म्हणजे गाड्यांची गर्दी व्हायच्या आत आमचे लोक आत. तिसऱ्या दिवशी आसपासच्या गावांचे लोक गेटवर जमले. भोंग्यावर नुसता कारखाना चालत नव्हता. शाळेची घंटा, दूध डेअरीचं माप, बायकांच्या भाकरी, सगळं त्या आवाजावर बांधलेलं. एक म्हातारी मला म्हणाली, "आरं, माजी म्हैस भोंगा झाल्याबिगर पान्हा सोडत न्हाई. तू आर्दा तास आदी वाजवतूस, दूधवाला आपल्या येळंला येतो. मदल्या टायमाला म्या दुधापाशी राखण बसू का?" चौथ्या दिवशी भोंगा जुन्या वेळेवर आला.

दुसरा उपाय म्हणजे कारखान्याची बस. साहेबांनी मोठ्या मनानं एक जुनी बस दिंद्रुडहून सुरू केली. पहिल्याच दिवशी ती खच्चून भरून आली. मी आनंदानं खिडकीतून पाहतो तर आतून बाजाराच्या पाट्या घेतलेल्या बायका, एक नवरा-नवरी, दोन शेळ्या आणि आमचे तीन कामगार उतरले. बाकीचे कामगार बसमागून मोटारसायकलीवर आले. विचारलं तर म्हणाले, "बसमधी जागाच न्हवती." ड्रायव्हरला झापलं तर तो म्हणाला, "गावातल्या मावशीनं हात केला आन् मी गाडी थांबवली न्हाई, तर उद्या मला गावात राहू देतील का?" त्याचंही बरोबर होतं. मी हात टेकले.

आठातले सहा दिवस गेले होते. अंबादास रोज संध्याकाळी खिडकीवरून जाताना नुसता माझ्याकडे बघायचा. तेव्हा मी डबल सीटचा आदेश काढला. हंगामापुरता, सर्व शिफ्टला लागू. फाट्यापासून पुढे एकट्या माणसाची मोटारसायकल येणार नाही. प्रत्येक गाडीवर दोन माणसं. एकट्यानं यायचं असेल तर गाडी फाट्यावर लावा आणि दीड किलोमीटर चाला. लोकांवर सोडलं असतं तर कुणीच जोडी लावली नसती, म्हणून जोड्याही मीच लावल्या. गाव एक, शिफ्ट एक, आडनाव एक असलं तर सोन्याहून पिवळं, असा माझा हिशेब. हजेरीपट समोर घेऊन रविवारी दिवसभर बसलो आणि यादी बोर्डावर लावली. फाट्यावर यादी घेऊन रहीमभाईंना उभं केलं. रहीमभाई आमचे सर्वात जुने वॉचमन. ते कुणाचं ऐकून घ्यायचे नाहीत आणि कुणाला दुखवायचेही नाहीत. हे दोन्ही एकदम जमणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

सोमवारी माझ्या टेबलासमोर रांग लागली. एकजण म्हणाला, "ह्यो तंबाखू खातो आन् चालत्या गाडीवर थुकतो. मागं मी हाय." दुसरे दोघं कारखान्याच्या निवडणुकीत समोरासमोरच्या पॅनेलचे. त्यांचं म्हणणं, लोक बघतील तर काय समजतील? सर्वात अवघड जोडी सासरा-जावयाची होती. गाडी जावयाची. जावई म्हणाला, "मी पुढं बसून मामांना मागं बसवलं तर बायको मला जेवायला देणार न्हाई." सासरे म्हणाले, "आन् मला गाडी येत न्हाई." शेवटी जावयानं सासऱ्यांना गाडी शिकवली. दोनदा दोघं ज्वारीत गेले, पण जमलं. मी कुणाचीच जोडी बदलली नाही. एक बदलली असती तर सगळी यादी उसवली असती.

आठव्या दिवशी अंबादास गेटवर उभा राहून रस्ता बघत होता. रांग आपल्या चालीनं हलत होती, आणि निम्म्या झालेल्या मोटारसायकली बाजूनं निमूट येत होत्या. मला म्हणाला, "जमलं की भाऊसाहेब." त्याच्या गाड्या कुठंही गेल्या नाहीत. त्या रात्री मला शांत झोप लागली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

दिंद्रुडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे दोन भाऊ आमच्याकडे होते. थोरले माणिकआबा बॉयलरवर फायरमन. वयानं माझ्याहून मोठे, पांढरी टोपी, बोलणं कमी. धाकटा भीमराव मिलमध्ये फिटर, नवी मोटारसायकल असलेला. गंगूबाईच्या बैलांना बुजवणारा तो दुसरा, हा नव्हे. वस्ती एक, शिफ्ट एक, आडनाव एक, बापही एक. यादी करताना ही जोडी लावून मी शाई वाळायचीही वाट पाहिली नव्हती. माझ्या मते ती सगळ्यात बिनचूक जोडी होती.

आदेशाच्या पहिल्या दिवसापासून माणिकआबा फाट्यावर आपली जुनी लूना लावायचे आणि दीड किलोमीटर चालत यायचे. गुडघा दुखरा, त्यामुळे भोंगा व्हायच्या अगदी तोंडावर पोचायचे. भीमरावही फाट्यावर गाडी लावायचा आणि त्यांच्या बराच मागे राहून चालायचा. मला वाटलं, असतील चालण्याचे शौकीन. हजेरी वेळेवर पडतेय ना, मग आपल्याला काय.

आदेशाच्या नवव्या दिवशी आठच्या भोंग्यानंतर रहीमभाई हसतच खिडकीत आले.

"मान गये, भाऊसाब! सहा सालात पंचाला जमलं न्हाई, सोयऱ्याला जमलं न्हाई, ते तुमी एका कागदात करून दावलं."

"काय केलं मी?"

"आता कावून लपवता? माणिकआबा आज भीमाच्या गाडीवर बसला."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मी हातातला पेन टेबलावर ठेवला. भावाभावांत सहा वर्षं अबोला होता. बापाची विहीर दोघांत, पाण्याची पाळी एक दिवसाआड. एका उन्हाळ्यात आबांच्या पाळीच्या दिवशी भीमरावाची मोटर चालू सापडली. भीमराव म्हणाला, माझ्या पाळीला वीज नव्हती. आबा म्हणाले, मला विचारायला तुझी जीभ झिजत होती का? त्या दिवसापासून एक शब्द नाही. घरं एका अंगणात, लग्नं-बारशी एकाच मांडवात, पण बोलणं बायकांच्या मार्फत. साऱ्या कारखान्याला हे ठाऊक होतं. सगळ्यांनी समजून घेतलं की भाऊसाहेबांनी ही जोडी मुद्दाम लावली आहे, आणि मोठ्या अदबीनं गप्प बसले. ठाऊक नव्हतं ते फक्त नेकनूरच्या टाइमकीपरला.

मी चष्मा काढून पुसला. काही सुचत नसलं की चष्मा पुसावा, समोरच्याला तो विचार वाटतो. रहीमभाईंना तसाच वाटला.

"पण बसले कसे?" मी विचारलं.

"भीमानं गाडी आबाजवळ नेऊन उभी केली. बोलला काय न्हाई. इंजिन चालू ठेवून समोर बघत ऱ्हायला. आबा बी उभा ऱ्हायला. मागं माज्या फाट्यावर लाइन लागली, पर मी कुणाला हॉर्न मारू दिला न्हाई. मंग आबा बसला. पर उलटा बसला, भाऊसाब! भीमाच्या पाठीला पाठ, तोंड फाट्याकडं. डबा मांडीवर. मी म्हनलो, आबा, हे काय? तर म्हनला, आदेशात बसा लिवलंय. तोंड कुठं करायचं ते लिवलेलं न्हाई."

मी आदेश काढून वाचला. खरंच लिहिलेलं नव्हतं.

त्या दुपारी मी आबांना बोलावलं. माझी चूक झाली, जोडी बदलतो, असं सांगायचं ठरवलं होतं. पण समोर आल्यावर माझी जीभ वळली नाही. साऱ्या कारखान्यानं शहाणपण पदरात टाकलेलं असताना ते परत करणं अवघड जातं. मी एवढंच म्हणालो, "आबा, त्रास होत असेल तर यादी बदलू का?"

आबा म्हणाले, "यादी तुमची हाय. आमी चाकरीतली माणसं. बसा म्हनलं, बसलो."

मग ते रोजचंच झालं. भोंग्याच्या थोडं आधी चढावरून भीमरावची गाडी यायची. पुढे तोंड करून भीमराव, मागे तोंड करून माणिकआबा. एक मान वळवायचा नाही, दुसरा वळायचा नाही. पहिले काही दिवस लोक हसले, मग सवय झाली. एकदा एमडीसाहेबांची जीप त्यांच्या मागेच होती. आबा आणि साहेब सारा चढभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत आले. साहेब उतरून मला म्हणाले, "हे काय, सर्कस आहे का?" मी म्हणालो, "मागची वाहतूक बघायला माणूस ठेवलाय, साहेब."

तोंडाला येईल ते बोललो होतो, पण पुढे तेच खरं झालं. मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला की तो आधी आबांना दिसायचा. हाक मारायची नाही म्हणून ते कोपरानं भीमरावच्या पाठीला एक टोला द्यायचे. एक टोला म्हणजे कडेला घे, दोन म्हणजे हळू. भीमराव ऐकायचा. रस्त्यावर त्या दोघांइतकी सांभाळून चालणारी गाडी दुसरी नव्हती. अंबादास आपल्या गाडीवानांना सांगायचा, "त्या उलट्या म्हाताऱ्याची गाडी आली की बिनघोर ऱ्हावा बे." उलटं बसणं धोक्याचं आहे, टाइमकीपर म्हणून मी ते बंद करायला हवं होतं, हे मला कळत होतं. मी केलं नाही. पण त्या सबंध हंगामात दोघं एक शब्द बोलले नाहीत, आणि मला मिळालेल्या शाबासकीची मला रोज थोडी लाज वाटायची.

हंगाम संपला. आदेश हंगामापुरता होता, पण काढून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. लोकांना सवय झाली होती, तंबाखूवाला थुंकताना आधी सांगू लागला होता, सासरा-जावई एकमेकांना डबे देत होते. पुढच्या पावसाळ्यात आभाळ नुसतं येऊन जात राहिलं. ऊस गुडघ्याएवढा असताना वाळला, तो जनावरांनी खाल्ला. दिवाळी झाली तरी कारखान्याच्या चिमणीतून धूर निघाला नाही. अंबादासची टोळी ट्रकमध्ये बसून लांब गेली. जाताना गंगूबाईनं मोडून जुळलेला हात खिडकीतून हलवला.

रस्ता मोकळा झाला. मला साहेबांनी जे सांगितलं होतं ते दुष्काळानं एका झटक्यात करून दाखवलं. ज्या चढावर मी बैल, ट्रॅक्टर आणि फटफट्या यांची सोय लावण्यात केस पिकवले, तिथं भर सकाळी कुत्रं आडवं झोपलेलं असायचं. असा मोकळा रस्ता मला नको होता. खिडकीत बसून मी कोंडीची आठवण काढायचो.

कायम कामगार फक्त डागडुजीला यायचे. आठ-दहा मोटारसायकली, तेवढ्याच. कशाला उगाच लोकांना डबल सीट बसवायचं, म्हणून एका सकाळी मी आदेश रद्द झाल्याचा कागद टाइप केला आणि टाचण्या घेऊन बोर्डाकडे निघालो. तेवढ्यात माणिकआबा दारात उभे. थंड बॉयलरच्या नळ्या खरवडून आलेले, अंगभर काजळी, टोपी हातात.

"भाऊसाहेब, बोर्डावर काय लावायलात?"

"डबल सीटचा आदेश रद्द करतोय, आबा. आता कुठं गर्दी आहे? तुम्ही मोकळे. उद्यापासून आपापल्या गाडीवर या."

आबा आत आले. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"आदेश रद्द करू नका."

"का हो?"

ते टोपीची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "परवा बोललो."

"कोण?"

"मीच. गाडीवर. विहिरीला दिसाला तासभर मोटर चालंल एवढंच पाणी हाय. आर्दा त्याचा, आर्दा माजा केला तर कुनाच्याच वाफ्यात पोचत न्हाई. आमच्या बापानं लावलेली चाळीस मोसंबीची झाडं माज्या वाट्याला. त्याच्याकडं दोन गाई, वासरं. रातंदिस डोक्यात तेच. चढावर आलो आन् तोंडातून निघून गेलं. म्हनलो, मोसंबी जाऊ दे, पानी तुज्या जनावराला घे."

"भीमराव काय म्हणाला?"

"गाडी हळू केली. काय बोलला न्हाई. काल घरी जाताना बोलला. म्हनला, दादा, सारी नगं, निम्मी झाडं ठिऊ. टँकर आला की बादल्यांनी घालू." आबांनी टोपीनंच डोळे पुसले आणि काजळी गालभर पसरली. "सात सालानं दादा म्हनला."

मी म्हणालो, "मग आता आदेश कशाला हवा, आबा? बोलणं सुरू झालं की."

"निम्मंच झालंय, भाऊसाहेब. कोणची झाडं ठिवायची, कोणची जाऊ द्यायची, ते ऱ्हायलंय. आन् त्या मोटरचं बी ऱ्हायलंय. त्यो खरं बोलत व्हता. त्या दिशी वीज न्हवती. मला तवाच कळलंतं, पर मी म्हनलो न्हाई. ते त्याला सांगायचंय. घरात जमत न्हाई. बाया हायत, पोरं हायत, समोर तोंड दिसतं. गाडीवर तोंड दिसत न्हाई म्हनून बोलाया येतं. तुमी आदेश उतरवला तर त्यो त्याच्या गाडीवर, मी माज्या लूनावर. त्याला काय म्हनून म्हनू, की मला मागं घे?"

मी हातातला कागद फाडला. मग बोर्डावरचा जुना आदेश उतरवला, कारण त्यात 'हंगामापुरता' लिहिलेलं होतं, आणि हंगाम तर आलाच नव्हता. नवा टाइप केला. मजकूर तोच, फक्त 'हंगामापुरता' च्या जागी 'पुढील आदेश होईपर्यंत' घातलं.

त्यावर सही एमडीसाहेबांची लागणार होती. त्यांनी कागद वाचला, खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर एकटे रहीमभाई चालत येत होते.

"भाऊसाहेब, कोंडी कुठं आहे?"

मी सांगितलं, "दुष्काळ आहे साहेब, पेट्रोलची बचत होईल. शिवाय पुन्हा हंगाम आला की लोकांना नव्यानं सवय लावावी लागेल." आणि मग त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणालो, "सही करा, साहेब. यापुढं तुमच्याकडं काही मागणार नाही."

साहेबांनी खिशातला पेन काढला. ते कडक होते, पण खेड्यातलेच होते. काही न विचारता त्यांनी सही केली.

त्या सबंध कोरड्या वर्षात रिकाम्या रस्त्यावरून वीसेक माणसं शिस्तीत दोघं-दोघं बसून येत राहिली. बाहेरून कुणी आलं तर त्याला आमचं डोकं फिरलंय असं वाटलं असेल. भीमरावच्या गाडीला पुढे दोन पाण्याचे कॅन लटकू लागले. घरी जाताना कारखान्याच्या कॉलनीतल्या हौदावरून भरून न्यायचे. ते भरून देण्याची परवानगी कुणी दिली, हे मी इथेही लिहिणार नाही. वीस झाडं जगली. मोटरचं बोलणं कोणत्या दिवशी झालं ते मला माहीत नाही. पण एका सकाळी ते चढावरून आले तेव्हा दोघंही हसत होते, एक पुढे बघून आणि एक मागे बघून. भीमराव हसण्याच्या नादात गेट सोडून सरळ पुढे गेला.

पुढे पाऊस झाला, ऊस झाला, चिमणी पेटली. अंबादासच्या गाड्या परत आल्या. रस्त्याची कोंडी पुन्हा सुरू झाली तेव्हा मी कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. मी एकदा आबांना म्हणालो, "आता सगळं ठीक झालं, आता तरी सरळ तोंड करून बसा." तर म्हणाले, "पुढचं बघाया भीमा हाय की."

आबा माझ्या आधी निवृत्त झाले. गेटवर नारळ, शाल, दोन भाषणं. मीही बोललो. आबा निघताना मी त्यांना बाजूला घेतलं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. म्हणालो, "आबा, ती जोडी मी मुद्दाम लावली नव्हती. मला तुमच्या भांडणाचं काहीच ठाऊक नव्हतं. चुकून लागली."

आबा म्हणाले, "मला पैल्याच दिशी कळलंतं. ठाऊक असतं तर तुमी घाबरून लावलीच नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या भोंग्याला मी सवयीनं खिडकीतून चढाकडे पाहिलं. बैलगाड्यांच्या रांगेच्या बाजूनं भीमरावची गाडी आली. मागे उलट्या तोंडानं माणिकआबा. धुतलेली टोपी, मांडीवर डबा. मागून ट्रॅक्टर येत होता, त्यांनी कोपरानं एक टोला दिला, भीमराव कडेला झाला, आणि गाडी माझ्या खिडकीपाशी थांबली.

मी म्हणालो, "अहो आबा, काल तुम्ही रिटायर झालात!"

"मी झालो," आबा उतरत म्हणाले. "पर बोर्डावर 'पुढील आदेश होईपर्यंत' लिवलंय. पुढला आदेश कुठं निघालाय?"

ते टाइम ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि चार वाजता भावाच्या मागं बसून घरी गेले. दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही. नियमाप्रमाणे मी हजेरीपटातून त्यांचं नाव कमी केलं. डबल सीटच्या यादीतून मात्र केलं नाही, आणि मी निवृत्त झालो त्या दिवशीही ते त्या यादीत होतं.